जुडी सोडायची कधी? संयुक्त मूलकांची समीकरणं संतुलित करताना

दहावीच्या वर्गात दरवर्षी एकदा तरी घडणारा प्रसंग. ॲल्युमिनिअम सल्फेट आणि चुना यांची अभिक्रिया मी फळ्यावर लिहितो आणि संतुलित करा म्हणतो:

एएल₂(एसओ₄)₃ + सीए(ओएच)₂ → एएल(ओएच)₃ + सीएएसओ₄

(सूत्रं इथे वर्गात मोठ्याने वाचतो तशी देवनागरीत दिली आहेत. वहीत नेहमीच्याच संज्ञा लिहा.)

पाचेक मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, जमलं!" वही बघावी तर उजवीकडच्या दोन्ही सूत्रांआधी २ लावलेला. पोराने सगळ्यात आधी ऑक्सिजन मोजलेला असतो. डावीकडे बारा आणि दोन, चौदा. उजवीकडे तीन आणि चार, सात. साताची दुप्पट चौदा, मग लावा दोघांनाही २. त्यात ॲल्युमिनिअमही दोनास दोन जुळतं, त्यामुळे गडी खूश. गंधक तीनास दोन आणि हायड्रोजन दोनास सहा आहे हे दाखवलं की चेहरा उतरतो. मग खोडरबर निघतं. गंधक जुळवायला जावं तर ऑक्सिजन बिघडतो, ऑक्सिजन सावरावा तर कॅल्शिअम हलतं. थोड्या वेळाने कागदाला भोक पडतं आणि "मला केमिस्ट्री जमत नाही" असा निष्कर्ष निघतो.

केमिस्ट्री जमत नाही असं नसतं. मोजायचं काय हे चुकलेलं असतं.

बाजारात मेथी घेताना आपण काड्या मोजत नाही, "दोन जुड्या द्या" म्हणतो. भाजीवालीने टोपलीतून काढून पिशवीत टाकली तरी जुडी ती जुडीच. काड्या मोजायची वेळ येते ती दोरा सुटल्यावर. सल्फेट, नायट्रेट, हायड्रॉक्साइड ही अशीच जुडी असते: दोन-तीन मूलद्रव्यांचे अणू एकत्र बांधलेले आणि त्या सगळ्यांवर मिळून एकच प्रभार. नववीत आपण यांना संयुक्त मूलकं म्हणतो. बहुतेक अभिक्रियांत ही जुडी एका संयुगातून उठून जशीच्या तशी दुसऱ्या संयुगात जाऊन बसते. तिथे ऑक्सिजन सुटा मोजायला जाणं म्हणजे जुडीचा दोरा विनाकारण सोडणं.

पण काही अभिक्रियांत दोरा खरोखरच सुटतो, आणि तिथे जुडी धरून बसलात तरीही फसता. म्हणून या लेखात सगळा भर एकाच प्रश्नावर आहे: या अभिक्रियेत जुडी सुटली की नाही?

आधी जुड्या ओळखता यायला हव्यात

हे पाठ करावं लागतं, त्याला इलाज नाही. पण यादी तितकी लांब नाही.

संयुजा (इथे मूलकावर किती प्रभार आहे तो आकडा) १ असलेली: अमोनिअम (एनएच₄), हायड्रॉक्साइड (ओएच), नायट्रेट (एनओ₃), बायकार्बोनेट (एचसीओ₃), क्लोरेट (सीएलओ₃), परमँगनेट (एमएनओ₄).

संयुजा २ असलेली: सल्फेट (एसओ₄), सल्फाइट (एसओ₃), कार्बोनेट (सीओ₃), क्रोमेट (सीआरओ₄), डायक्रोमेट (सीआर₂ओ₇).

संयुजा ३: फॉस्फेट (पीओ₄).

यात धनप्रभारित एकटं अमोनिअम आहे, बाकी सगळी ऋणप्रभारित. "एट" आणि "आइट" यांत एका ऑक्सिजनचा फरक असतो: सल्फेटमध्ये चार, सल्फाइटमध्ये तीन, नायट्रेटमध्ये तीन, नायट्राइटमध्ये दोन. मुलं हमखास अडकतात ती सल्फाइट (एसओ₃) आणि सल्फर ट्रायऑक्साइड (एसओ₃) यांच्यात. अक्षरं तीच, पण पहिलं दोन ऋणप्रभार घेतलेलं मूलक, तर दुसरा प्रभार नसलेला स्वतंत्र रेणू. समीकरणात एसओ₃ एकटाच उभा असेल, सोबत कुठला धातू वा हायड्रोजन नसेल, तर ती जुडी नव्हे.

सूत्र चुकलं तर पुढचं सगळं वाया

परीक्षेत नावं देऊन समीकरण लिहायला सांगतात तेव्हा निम्मे गुण इथेच जातात. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, सल्फेटची २. तिरकस गुणाकार करा: ॲल्युमिनिअमखाली २, सल्फेटखाली ३. मूलकाखाली १ पेक्षा मोठा अंक आला की कंस हवाच. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड कंसाशिवाय सीएओएच₂ असं लिहिलंत तर त्यात ऑक्सिजन एकच उरतो, आणि असल्या सूत्रावरून समीकरण कधीच जुळणार नाही. एकदा एका मुलीने याच चुकीवर पाऊण तास घालवला होता. तिची रीत अचूक होती, फक्त दुसऱ्याच ओळीत कंस राहून गेला होता.

सूत्र एकदा बरोबर लिहिलं की ते गोठलं. संतुलन करताना पादांकाला (सूत्रात खाली लिहिलेल्या बारीक अंकाला) हात लावायचा नाही, फक्त सूत्राआधीचा सहगुणक बदलायचा. पाण्यात एक ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून एच₂ओ चं एच₂ओ₂ केलंत, तर समीकरण जुळेल, पण परीक्षानळीत पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड येईल. सहगुणक म्हणजे "किती रेणू", पादांक म्हणजे "कोणता रेणू".

रीत

पहिलं काम रफमध्ये करायचं. प्रत्येक मूलकाभोवती कंस घाला, ते एकदाच आलेलं असलं तरीही. सीएएसओ₄ ला सीए(एसओ₄) लिहा, सोडिअम हायड्रॉक्साइडला एनए(ओएच), नायट्रिक आम्लाला एच(एनओ₃). पुस्तकात असे कंस दिसणार नाहीत आणि उत्तरातही ते नकोत, पण या एका सवयीने निम्म्या चुका जातात. डोळ्याला जुडी दिसली की हात आपोआप जुडी मोजतो.

मग डावीकडची प्रत्येक जुडी उजवीकडे शोधा. जशीच्या तशी सापडली तर ती सुटलेली नाही. ती एक मूलद्रव्य आहे असं समजून मोजा. सापडली नाही तर ती सुटली. तिचे अणू सुटे मोजा.

आता सुरुवातीच्याच समीकरणाकडे वळू. कंस घातल्यावर:

एएल₂(एसओ₄)₃ + सीए(ओएच)₂ → एएल(ओएच)₃ + सीए(एसओ₄)

दोन्ही जुड्या शाबूत आहेत. म्हणजे मोजायचे फक्त चार घटक:

एएल: डावीकडे २, उजवीकडे १
(एसओ₄): डावीकडे ३, उजवीकडे १
सीए: डावीकडे १, उजवीकडे १
(ओएच): डावीकडे २, उजवीकडे ३

सर्वांत अवघड जोडी आधी घ्या. तीनास एक सोपं आहे, कारण एका बाजूला ३ लावला की झालं. दोनास तीन अवघड, कारण दोन्हीकडे आकडे लावावे लागतात. २ आणि ३ चा लसावि ६. म्हणून सीए(ओएच)₂ आधी ३, एएल(ओएच)₃ आधी २. सल्फेट डावीकडे ३ आहेत, म्हणून सीए(एसओ₄) आधी ३. आता बाकीचे बघा: एएल दोनास दोन, सीए तीनास तीन. आपोआप.

एएल₂(एसओ₄)₃ + ३ सीए(ओएच)₂ → २ एएल(ओएच)₃ + ३ सीएएसओ₄

ऑक्सिजन मात्र आता मोजा, पण ताळा म्हणून. डावीकडे १२ आणि ६, अठरा. उजवीकडे ६ आणि १२, अठरा. सुरुवातीला ज्याने घोळ घातला तोच ऑक्सिजन शेवटी साक्षीला येतो. ताळ्यासाठी याच्याइतका चांगला अणू नाही, कारण तो बहुतेक प्रत्येक जुडीत असतो आणि एक जुडी चुकली तरी लगेच बोंब मारतो.

हे समीकरण निव्वळ पुस्तकी नाही, बरं का. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवतात तेव्हा हाच ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड तयार होतो. तो जेलीसारखा चिकट असतो, मातीचे बारीक कण पकडून तळाशी बसतो.

एकच मूलद्रव्य दोन वेगळ्या जुड्यांत

ही रीत खरी कामाला येते ती अशा ठिकाणी:

(एनएच₄)₃(पीओ₄) + बीए(एनओ₃)₂ → बीए₃(पीओ₄)₂ + (एनएच₄)(एनओ₃)

अमोनिअम नायट्रेटमध्ये नायट्रोजन दोन आहेत, पण एक अमोनिअमच्या जुडीतला, दुसरा नायट्रेटच्या. सुटे नायट्रोजन मोजणारा इथे गोते खातो. जुड्या मोजल्या तर: फॉस्फेट एकास दोन, म्हणून पहिल्या संयुगाआधी २. बेरिअम एकास तीन, म्हणून दुसऱ्याआधी ३. अमोनिअम आता सहा झाले, म्हणून शेवटच्याआधी ६. नायट्रेट? डावीकडे तीन दुणे सहा, उजवीकडे सहा. २, ३, १, ६. अर्ध्या मिनिटाचं काम.

पाणी म्हणजे एच(ओएच)

आम्ल आणि आम्लारीच्या उदासिनीकरणात मुलं विचारतात, "सर, ओएच उजवीकडे दिसतच नाही, मग ती जुडी सुटली ना?" प्रश्न बरोबर आहे. पण रफमध्ये पाणी एच₂ओ असं न लिहिता एच(ओएच) असं लिहून बघा:

एच₃(पीओ₄) + सीए(ओएच)₂ → सीए₃(पीओ₄)₂ + एच(ओएच)

फॉस्फेट एकास दोन: आम्लाआधी २. कॅल्शिअम एकास तीन: चुन्याआधी ३. ओएच आता ६, म्हणून पाण्याआधी ६. एच: आम्लातले ६, पाण्यातले ६. कंसाबाहेरचा एच आणि कंसातला एच वेगळे राहिले, म्हणून गोंधळ झाला नाही.

२ एच₃पीओ₄ + ३ सीए(ओएच)₂ → सीए₃(पीओ₄)₂ + ६ एच₂ओ

धातूचं ऑक्साइड आणि आम्ल यांच्या अभिक्रियेत ही युक्ती वापरू नका. तिथे डावीकडे ओएच नसतोच. पाण्यातला ऑक्सिजन ऑक्साइडमधून येतो.

आकडा लावायची गरज नसते तेव्हा

द्राक्षबागायतदारांच्या घरची मुलं बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे बागेत फवारायच्या बुरशीनाशकाचं, नाव काढलं की कान टवकारतात. मोरचूद आणि चुना:

सीयू(एसओ₄) + सीए(ओएच)₂ → सीयू(ओएच)₂ + सीए(एसओ₄)

जुड्या मोजा: सल्फेट एकास एक, ओएच दोनास दोन, तांबं आणि कॅल्शिअम एकास एक. आधीपासूनच संतुलित आहे. तरीही परीक्षेत "संतुलित करा" असा हुकूम आला की काहीतरी करायलाच हवं म्हणून मुलं उगाच २ लावतात. तपासून जसंच्या तसं लिहिणं हेही पूर्ण उत्तर आहे.

इथे थोडं विषयांतर. या समीकरणावरून मोरचुदाच्या २५० ग्रॅम स्फटिकांना भिजलेला चुना ७४ ग्रॅम लागतो, म्हणजे किलोला साधारण ३०० ग्रॅम. पण एक टक्का मिश्रणाचं ठरलेलं प्रमाण आहे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. चुना शुद्ध मिळेलच असं नाही, आणि मोकळं तांबं उरलं तर पानं करपतात, म्हणून चुन्याचा हात सैल ठेवतात. तयार मिश्रणात विळा किंवा लोखंडी खिळा बुडवून बघायची रीत याचसाठी आहे. लोखंडावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना घाला. तो थर म्हणजे एफई + सीयू(एसओ₄) → एफई(एसओ₄) + सीयू. पुन्हा सल्फेटची जुडी शाबूत, आणि पुन्हा एकही आकडा नको.

लपलेली जुडी

सिंगल सुपर फॉस्फेट हे खत खनिज फॉस्फेटवर सल्फ्युरिक आम्ल ओतून बनवतात. अभिक्रिया सोपी करून लिहिली तर:

सीए₃(पीओ₄)₂ + एच₂(एसओ₄) → सीए(एच₂पीओ₄)₂ + सीए(एसओ₄)

उजवीकडे (पीओ₄) दिसत नाही, (एच₂पीओ₄) दिसतो. जुडी सुटली नाही, तिच्यावर दोन हायड्रोजन येऊन बसलेत इतकंच. रफमध्ये तो सीए एच₄(पीओ₄)₂ असा उलगडून लिहा. फॉस्फेट दोनास दोन, जुळलेलेच. हायड्रोजन दोनास चार: सल्फ्युरिक आम्लाआधी २. सल्फेट दोन झाले: कॅल्शिअम सल्फेटआधी २. कॅल्शिअम डावीकडे ३, उजवीकडे १ आणि २. जमलं. १, २, १, २.

बायकार्बोनेट, बायसल्फेट, हायड्रोजन फॉस्फेट यांच्याकडे नेहमी या नजरेने बघा. आत मूळ जुडी शाबूत असेल तर हायड्रोजन तेवढा बाजूला काढायचा.

आता दोरा सुटतो

कार्बोनेटवर आम्ल पडलं की फेस येतो. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि तो निसटला म्हणजे कार्बोनेटची जुडी सुटली:

एनए₂(सीओ₃) + २ एचसीएल → २ एनएसीएल + सीओ₂ + एच₂ओ

वायू बाहेर पडणं ही जुडी सुटल्याची मोठी खूण आहे. दुसरी खूण उष्णता: नायट्रेट, कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट कोरडंच तापवलं की शंका घ्या. तिसरी, नायट्रिक आम्ल आणि धातू समोरासमोर येणं. चौथी, परमँगनेट किंवा डायक्रोमेट दिसणं.

लेड नायट्रेट तापवल्यावर तपकिरी धूर येतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. पीबी(एनओ₃)₂ → पीबीओ + एनओ₂ + ओ₂. जुडी सुटली, आता सुटे अणू. एका लेड नायट्रेटपासून सुरू करा: नायट्रोजन २, म्हणून २ एनओ₂. ऑक्सिजन डावीकडे ६. उजवीकडे १ आणि ४ मिळून पाच, उरला एक. एक ऑक्सिजन अणू म्हणजे अर्धा ओ₂. अर्धा लिहायला घाबरू नका. शेवटी सगळ्याला २ ने गुणा: २, २, ४, १. जो एकटा मूलद्रव्य म्हणून उभा आहे (इथे ओ₂) त्याला शेवटीच हात लावायचा, कारण त्याचा आकडा बदलला तर दुसरं काहीच बिघडत नाही.

कधी कधी जुडी नेमकी कशी सुटते हे ओळखलं तर मोजणीही सोपी होते. जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यातल्या बायकार्बोनेटवर ॲल्युमिनिअम सल्फेटची अभिक्रिया होते:

एएल₂(एसओ₄)₃ + सीए(एचसीओ₃)₂ → एएल(ओएच)₃ + सीए(एसओ₄) + सीओ₂

(एचसीओ₃) मधून एक सीओ₂ काढून घ्या, उरतो (ओएच). म्हणजे प्रत्येक बायकार्बोनेटमागे एक हायड्रॉक्साइड आणि एक कार्बन डायऑक्साइड. मग हे आपलं पहिलंच समीकरण झालं: १, ३, २, ३, आणि सहा बायकार्बोनेटमधून सुटलेले ६ सीओ₂.

अर्ध्या सुटतात, अर्ध्या राहतात

मुलांना खरा घाम फुटतो तो इथे. तांबं आणि संहत नायट्रिक आम्ल:

सीयू + एच(एनओ₃) → सीयू(एनओ₃)₂ + एनओ₂ + एच₂ओ

काही नायट्रेट तांब्यासोबत शाबूत राहतात, काहींचं एनओ₂ होतं. दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडा. एक तांबं घेतलं तर शाबूत जुड्या २. सुटलेल्या जुड्या क्ष मानू. (एनओ₃) चं एनओ₂ होताना एक ऑक्सिजन मोकळा होतो आणि तो पाण्यात जातो, म्हणून पाणीही क्ष. पाण्याला हायड्रोजन लागतील २क्ष. हायड्रोजन येणार आम्लातून, आणि आम्लाचे रेणू आहेत एकूण २ + क्ष. म्हणून २क्ष = २ + क्ष, क्ष = २. आम्ल ४.

सीयू + ४ एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + २ एनओ₂ + २ एच₂ओ

विरल आम्लात एनओ₂ ऐवजी एनओ येतो. एका सुटलेल्या जुडीतून आता दोन ऑक्सिजन मोकळे, म्हणून पाणी २क्ष, हायड्रोजन ४क्ष. ४क्ष = २ + क्ष, क्ष = दोन तृतीयांश. सगळं ३ ने गुणा: तांबं ३, एनओ २, पाणी ४, आम्ल सहा अधिक दोन म्हणजे ८. "तीन, आठ, तीन, दोन, चार" असं घोकून ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. एक ओळीच्या बीजगणितात निघणाऱ्या गोष्टीसाठी कशाला घोकायचं?

सल्फेट मोजून सोडवलेलं परमँगनेट

हे माझं आवडतं उदाहरण. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत ब्युरेटमधून जांभळं द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, त्या प्रयोगामागचं समीकरण:

के(एमएनओ₄) + एफई(एसओ₄) + एच₂(एसओ₄) → के₂(एसओ₄) + एमएन(एसओ₄) + एफई₂(एसओ₄)₃ + एच₂ओ

पुस्तकात हे ऑक्सिडीकरण अंकांनी सोडवतात, आणि ती रीत शिकायला हवीच. पण जुड्यांनी काय होतं बघा. परमँगनेट सुटला. सल्फेट सगळे शाबूत. म्हणजे पाण्यातला सगळा ऑक्सिजन परमँगनेटमधलाच.

एक के(एमएनओ₄) घ्या. ऑक्सिजन ४, म्हणून पाणी ४. त्याला हायड्रोजन ८, म्हणून सल्फ्युरिक आम्ल ४. पोटॅशिअम एक, म्हणून के₂(एसओ₄) अर्धा. मँगनीज एक, म्हणून एमएन(एसओ₄) एक. राहिलं लोह. डावीकडे क्ष एफई(एसओ₄) असतील तर उजवीकडे एफई₂(एसओ₄)₃ होतील क्ष चे निम्मे, आणि त्यांत सल्फेट असतील दीड क्ष.

आता फक्त सल्फेट मोजा. डावीकडे क्ष + ४. उजवीकडे अर्धा + १ + दीड क्ष. म्हणजे अर्धा क्ष = अडीच, क्ष = ५. अर्धा घालवायला सगळ्याची दुप्पट करा:

२ केएमएनओ₄ + १० एफईएसओ₄ + ८ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + ५ एफई₂(एसओ₄)₃ + ८ एच₂ओ

ताळा: सल्फेट डावीकडे १० आणि ८, अठरा, उजवीकडे १, २ आणि १५, अठरा. इलेक्ट्रॉनचं नावही न घेता उत्तर निघालं, यात जादू काही नाही. प्रत्येक सल्फेटवर दोन ऋणप्रभार असतात, त्यामुळे सल्फेट मोजणं म्हणजे आडवळणाने प्रभारच मोजणं.

सगळीकडे हे चालत नाही. लोहाच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड आलं आणि उजवीकडे ऑक्सिजन वायू सुटू लागला, की अणू जुळणारी उत्तरं एकाहून अधिक निघतात. त्यांतलं खरं कोणतं हे इलेक्ट्रॉन मोजल्याशिवाय कळत नाही.

आयनिक समीकरणं

बेरिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेट एकत्र केले की पांढरा अवक्षेप येतो. खरी घडामोड एवढीच: बीए²⁺ + एसओ₄²⁻ → बीएएसओ₄. सोडिअम आणि क्लोराइड नुसते बघे. अशा समीकरणात अणूंसोबत प्रभारही जुळायला हवा. सीयू + एजी⁺ → सीयू²⁺ + एजी यात अणू जुळलेले दिसतात, पण प्रभार एकास दोन आहे. चांदीला दोन्हीकडे २ लावल्यावरच ते संतुलित होतं.

हात साफ करायला

कंस घालून, जुडी सुटली का हे आधी ठरवून, मगच आकड्यांना हात लावा.

१. एजीएनओ₃ + के₂सीआरओ₄ → एजी₂सीआरओ₄ + केएनओ₃
२. एफई₂(एसओ₄)₃ + एनएच₄ओएच → एफई(ओएच)₃ + (एनएच₄)₂एसओ₄
३. (एनएच₄)₂एसओ₄ + सीए(ओएच)₂ → सीएएसओ₄ + एनएच₃ + एच₂ओ
४. एफईएसओ₄ → एफई₂ओ₃ + एसओ₂ + एसओ₃ (तापवल्यावर)
५. (एनएच₄)₂सीआर₂ओ₇ → एन₂ + सीआर₂ओ₃ + एच₂ओ (तापवल्यावर)

उत्तरं, डावीकडून उजवीकडे: पहिल्यात २, १, १, २, विटकरी लाल अवक्षेप येतो. दुसऱ्यात १, ६, २, ३. तिसऱ्यात १, १, १, २, २. इथे सल्फेट शाबूत राहतं, पण अमोनिअममधला एक हायड्रोजन ओएच ओढून नेतं आणि नाकाला झोंबणारा अमोनिआ सुटतो. चौथ्यात २, १, १, १. एसओ₃ इथे सल्फाइट नाही, वायू आहे. पाचव्यात दोन्ही जुड्या सुटतात, तरी आकडा लागतो तो एकाच ठिकाणी, पाण्याआधी ४.